काळ्या पाकळ्यांचं वाण

सुनेनं पिठाच्या हातानंच फोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाली, "आत्याबाई, वळखा बरं कोण गातंय."

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. ही सून शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं परीक्षा घ्यायची खोड घरीही सुटत नाही. मी कान दिला. आधी तारा छेडल्याचा आवाज, मग एका जवान गड्याचा गळा. जरासा नाकातला. गाण्यापेक्षा शेजारी बसून काहीतरी सांगत असल्यासारखा. चाल जात्यावरची, पण तारांचा ठेका असा परक्या मुलखाचा, की वाटावं आपली ओवी पॅन्ट घालून फिरायला निघालीय.

"कोण मेला रडतोय गं हा?" मी म्हणाले.

"मेले न्हाईत अजून," सून म्हणाली. "तुमचे दीर हायत. भाईर वसरीत बसलेत, च्या पित."

तव्यावरची भाकरी करपली, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ; वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. लग्न केलं नाही. येडशीला नोकरी केली, तिथंच खोली करून राहिले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आम्ही त्यांना कळंबला घरी आणलं. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. 'व्हय', 'न्हाय', 'वैनी' आणि एक शिवी, एवढंच धड राहिलं. त्यातली शिवी सगळ्यांत स्वच्छ येते. बाकीचे शब्द ते विहिरीतून बादली ओढावी तसे ओढतात, आणि वर येईपर्यंत बादली निम्मी सांडलेली असते.

ते गाणं नातवानं पुण्याहून पाठवलं होतं. कुणी एक हौशी माणूस जुन्या रेकॉर्डी गोळा करतो. जुन्या बाजारात त्याला ही पन्नास वर्षांपूर्वीची रेकॉर्ड सापडली आणि त्यानं ती इंटरनेटवर टाकली. आता कुठकुठले लोक ती ऐकतायत आणि लिहितायत, की हा माणूस कोण, इतकी वर्षं होता कुठं, आहे का गेला. नातवानं कव्हरवर गावाचं नाव वाचलं, फोटो बघितला आणि उडालाच. फोटोत भावजी येडशीच्या रामलिंगाच्या पायऱ्यांवर बसलेत. केस खांद्यापर्यंत, मांडीवर गिटार, आणि चेहरा असा की जेवता जेवता कुणी ताट ओढून नेलंय.

"मागची बाजू बघा," सून म्हणाली. तिनं दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. गाण्यांची यादी होती. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, 'तेरणेच्या वाळूवर'. आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'ओवी वैनींच्या आईची'.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अक्षरं तीच राहिली.

"हे शेवटचं लाव," मी म्हणाले.

"तेच न्हाय ना त्यात. त्या माणसानं लिहिलंय, त्याच्याकडची रेकॉर्ड शेवटाला घासलीय, सुई उडते. कुणाकडं चांगली प्रत असली तर कळवा म्हणतोय." मग ती सहज म्हणाली, "आपल्याकडं असंल की एखादी, आत्याबाई. घरातलीच तर वस्तू."

असेल की. चांगली दोन खोकी होती. ती मी उकळत्या पाण्याखाली घातली.

माझं माहेर माकणी, तेरणेच्या काठचं. आई दळताना ओव्या म्हणायची. बहुतेक ओव्या सगळ्या बायका म्हणायच्या त्याच, पण एक तिची स्वतःची होती. नदीवरून पाणी आणताना जुळवलेली असावी.

तेरणेच्या वाळूवर पाऊल ठेवून आले
मागं वळून पाहते तर पाणी भरून गेले

एवढंच मला येतं. पुढं अजून दोन ओळी होत्या. त्या पावलातल्या पाण्यात कुणीतरी वाकून काहीतरी बघतं. कोण बघतं, काय बघतं, ते गेलं. आई वारली तेव्हा मी आईसाठी रडले, ओवी कुणाच्या ध्यानात? पुढं एकदा नातवाला मांडीवर झोपवताना म्हणायला गेले आणि दुसऱ्या ओळीनंतर थांबले. अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. तेव्हापासून शोधतेय. मला भावंडं नाहीत. माकणीत आईच्या वयाचं कुणी उरलं नाही. ती वाळूसुद्धा आता धरणाच्या पाण्याखाली आहे. आणि इकडं एका माणसानं ती ओवी अख्खीच्या अख्खी कोरून माझ्याच घरात आणून ठेवली होती.

आता त्या वेळच्या माझ्याबद्दल सांगते. तिला मी 'शहाणी' म्हणते, कारण ती स्वतःला तेच समजायची. वय वीस. मॅट्रिकला दोनदा बसलेली आणि दोनदा तिथंच राहिलेली, पण चाल अशी की वकिलाची लेक. जेवढा वेळ ती केसांचा भांग सरळ आला का हे बघण्यात घालवायची, तेवढ्यात एखादी बाई मॅट्रिक झाली असती.

गावात पिठाची गिरणी होती, पण सासूबाईंना डाळ जात्यावरच भरडलेली लागायची. शहाणी सकाळी जात्यावर बसायची आणि आईच्या ओव्या म्हणायची. भावजी तेव्हा पुण्याचं कॉलेज अर्धं टाकून गिटार घेऊन परत आलेले. माझे सासरे त्या गिटारीला 'भोपळा' म्हणायचे. भावजी उंबऱ्यावर येऊन बसायचे, मांडीवर वही.

"वैनी, परत एकदा म्हणा."

"का? आधी बरुबर म्हणलं न्हाय का?"

"तसं न्हाय हो. शेवटची ओळ जरा हळू."

"हळू म्हणलं तर जातं हळू फिरतंय. मग आत्याबाईंना तुमीच सांगा, डाळ गाण्यात गेली म्हणून."

पण म्हणायची ती. तिला आवडायचं. त्या घरात 'पुरे' म्हणणारे पुष्कळ होते, 'परत' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

आमच्या समोरच्या घरात माझ्याच वयाची एक मैत्रीण होती. तिची जीभ माझ्यापेक्षा बोटभर लांब. एक दिवस आडावर सगळ्या बायकांच्या देखत ती म्हणाली, "काय गं, तुझं दळण दीर मोजतेत म्हणं, उंबऱ्यावर बसून?" बायका फिसकन हसल्या. तेवढंच झालं. वाईट असं कुणी काही बोललं नाही, पण न बोललेलंच माझ्या कानात राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी मुक्यानं दळायला लागले. भावजी दोन दिवस उंबऱ्यावर येऊन बसले. तिसऱ्या दिवशी वही मिटून गेले.

वर्ष-दीड वर्षानं ते मुंबईहून दोन खोकी घेऊन एस.टी.तून उतरले. एका लहानशा कंपनीनं त्यांची गाणी रेकॉर्ड केली होती. रेकॉर्ड खपली नाही, कंपनीही बसली, आणि उरलेल्या प्रती त्यांच्याच गळ्यात आल्या. तरी माणूस खुशीत होता. येडशीची नोकरीही त्याच आठवड्यात लागली होती. आमच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं, गल्लीत दोन-तीन घरी होतं.

"वैनी, ही खोकी ठेवून घ्या. खोली मिळाली की नेतो," भावजी म्हणाले. "आणि चला की, कोपऱ्यावरच्या घरी मशीन हाय. सगळ्यात आधी तुम्ही ऐका. त्यात—"

तेवढ्यात समोरची मैत्रीण दारात येऊन उभी राहिली, आणि शहाणी फटकन म्हणाली, "ठेवा तिकडं कोपऱ्यात. मला काय करायचंय तुमच्या गाण्यांशी!"

'त्यात' काय, ते कळायला मला पन्नास वर्षं लागली.

त्या थंडीत महिला मंडळात एक बाई हस्तकला शिकवायला आल्या. त्यांनी एक पातेलं पालथं घातलं, त्याच्या बुडावर एक जुनी रेकॉर्ड ठेवली आणि वरून उकळतं पाणी सोडलं. ती कडक काळी ताटली मऊ पडली आणि चहूबाजूंनी खाली लवली. गार झाल्यावर सुलटी केली तर फुलासारखा वाडगा, काठाला पाकळ्या. बायका 'अगं बया' म्हणाल्या. शहाणीनं मनातल्या मनात घरची खोकी मोजली. तिचा हिशेब सुरू झाला होता.

संक्रांत तोंडावर आली होती. हळदी-कुंकवाला कुणाचं वाण काय, यावर आमच्या गल्लीत रथसप्तमीपर्यंत निकाल लागत. सगळ्यांचे कंगवे, साबणाच्या डब्या, चहाच्या गाळण्या. घरात सासूबाई रोज विचारायच्या, "ती काळी ताटं कवा जायची हितनं?" खोकी जातील, वाण होईल, आणि त्या आडावरच्या हसण्यालाही उत्तर मिळेल, की बघा, मला दिराच्या गाण्यांचं काही नाही.

तीन दिवस चुलीवर पाणी उकळत होतं. एकूण एक रेकॉर्ड गेली. कव्हरं बंबात घातली, मागचं अक्षरही वाचलं नाही. पाणी पडताना प्रत्येक रेकॉर्ड आधी जराशी शहारायची आणि मग मान टाकायची. शहाणीला त्याची गंमत वाटायची. बोटं भाजली, ती तिनं कौतुकानं नवऱ्याला दाखवली.

हळदी-कुंकवाला घर भरलं. प्रत्येकीच्या हातात एकेक काळं फूल, त्यात तिळगूळ आणि बोरं. समोरच्या मैत्रिणीनं तर दोन मागून घेतले. लग्नातही माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

उन्हाळ्यात भावजी खोकी न्यायला आले. कोपरा रिकामा. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी पदराला हात पुसले. "बायकांनी नेल्या."

"सगळ्या?"

"एकूण एक. दारात रांग लागली हुती."

"कुणाकुणाच्या घरी गेल्या?"

"अख्ख्या गल्लीत. घरटी एक."

यात एकही शब्द खोटा नव्हता, असं मी स्वतःला किती वर्षं बजावत आले. भावजींच्या तोंडावर जो उजेड आला तो मी विसरले नाही. ते गल्लीतून परत निघाले तेव्हा दोन्हीकडच्या दारांकडं बघत चालले होते, वरातीतल्या नवरदेवासारखे. भावजींना काय उत्तर दिलं ते मी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला बोलतीस? खुशीत गेलाय, जाऊ दे."

जाऊ दिलं. भावजींनी दुसरी रेकॉर्ड कधी केली नाही. गिटार येडशीच्या खोलीत खुंटीला राहिली. सणावाराला यायचे, जेवायचे, गप्प बसायचे. मला वाटलं, नोकरीनं माणूस ताळ्यावर आला.

तर सुनेनं तो फोन वसरीत नेला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. पहिलं गाणं सुरू झालं तसा त्यांचा डावा हात कपासकट थांबला. चहा धोतरावर सांडत होता, तरी हात सरळ झाला नाही. एकामागून एक गाणी झाली. मग आवाज थांबला. भावजींनी एक बोट वर केलं. अजून एक.

"शेवटचं न्हाय त्यात," सून मोठ्यानं म्हणाली. "घासलंय. कुणाकडं चांगली रेकॉर्ड मिळाली तर ऐकायला मिळंल."

"घरं," भावजी म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी गल्ली दाखवली. हे घर, ते घर, पलीकडचं घर. "घरं... घरटी..."

माझेच शब्द होते ते. इतकी वर्षं त्यांनी जपून ठेवले होते.

सून उठलीच. "म्हणजे गल्लीत असतील! थांबा, मी इचारून येते."

"बस खाली," मी म्हणाले.

आणि सांगितलं. पातेलं, पाणी, पाकळ्या, बोरं, सगळं. जित्याची सवय, मधेच हसवायलाही गेले. समोरचीनं दोन नेल्या, म्हणाले. कुणी हसलं नाही.

मी शिवीची वाट बघत होते. ती तर त्यांना स्वच्छ येते. आली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी बादली ओढायला घेतली.

"मला... वाटलं..."

"बोला, भावजी."

"ऐकून..." पुन्हा हात गल्लीकडं. "ऐकून... गप. सगळी... गप."

सुनेला कळलं नाही. मला कळलं. पन्नास वर्षं हा माणूस असं समजत होता, की या गल्लीतल्या प्रत्येक घरात आपली गाणी आहेत. दिवाळीला यायचा, पंचमीला यायचा, दारोदार वसरीत चहा प्यायचा, आत माजघरातले वाडगे त्याला दिसायचे नाहीत, आणि गाण्यांबद्दल एक माणूस एक शब्द काढायचा नाही. मी जर म्हटलं असतं, की भावजी, मी मोडून टाकल्या, तर ते माझ्यावर चिडले असते, चार वर्षं माझ्या हातचं जेवले नसते, आणि रागारागात दुसरी रेकॉर्ड केली असती. पण ते कुणावर चिडले नाहीत. त्यांना वाटलं, सगळ्यांनी ऐकलं आणि लाजेकाजेनं गप्प बसले. एवढी वाईट असणार आपली गाणी.

"तुमच्याजवळ एक हुती ना?" मी विचारलं.

त्यांनी डाव्या हातानं गुडघ्यावर काहीतरी मोडल्याची खूण केली.

दुसऱ्या दिवसापासून मी वाडगे शोधत फिरले. या वयात घरोघर जाऊन दिलेलं वाण परत मागणारी बाई कळंबनं पहिल्यांदाच बघितली असेल. निम्म्या बायका वारल्या होत्या. एकीचा वाडगा तडकला, एकीचा चुलीजवळ वितळला, एकीच्या नातवंडांनी भातुकलीत घालवला. शेवटी त्या समोरच्या मैत्रिणीकडं गेले. ती आता बाजार समितीकडं मुलाच्या घरी असते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"दिलेलं वाण परत मागाया आलीस व्हय गं? सवाष्णीच्या ओटीतलं?"

"आता सवाष्ण कोण ऱ्हायलंय? तू का मी?"

ती हसायला लागली. मीही. दोन विधवा बाया पोट धरून हसत होतो, आणि तिची सून दारातून बघत होती, की या दोघींना झालंय काय.

दोनातला एक कधीच फुटला होता, दुसरा देवघरात होता. त्यात वाती ठेवलेल्या. तिनं वाती एका ताटलीत ओतल्या आणि वाडगा माझ्या हातात दिला.

"तू तवा गायची बंद झालीस," ती म्हणाली. "माझ्या त्या बोलण्यानं ना?"

"व्हय," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी कशाला खोटं बोला.

घरी आणून सुनेनं ओल्या कापसानं आतलं कुंकू पुसलं. मधला गोल कागद दिसायला लागला. शेवटचं गाणं असलेली दुसरी बाजू आत होती. बाहेरचं बूड फरशीवर घासून पांढरं पडलं होतं, पण आतलं शाबूत. पाकळ्या लाटेसारख्या वाकलेल्या, आणि मधे कागदाभोवती तीन बोटं जागा सपाट.

सुनेचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "आत्याबाई, शेवटचं गाणं कागदाच्या जवळ असतं. त्याची सुरुवात वाकलीय, ती गेली. पण शेवट सपाटीवर हाय."

म्हणजे ज्या ओळी मला येत होत्या त्या वाकल्या होत्या. ज्या मी विसरले होते त्या धड होत्या.

नातवानं त्या हौशी माणसाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, की अशा खोल वाडग्यात कुठल्याच यंत्राची सुई उतरणार नाही. मग सून म्हणाली, वर्गात पोरांना दाखवते तसं करता येईल. कागदाचा शंकू करायचा, टोकाला शिवणाची सुई लावायची, रेकॉर्ड फिरवायची आणि सुई धरायची. "पण सुई खरवडत जाती. पहिल्या खेपेला जे ऐकू येईल ते. दुसऱ्या खेपेला नुसती खरखर. आणि आवाज एवढासाच, शंकूला कान लावंल त्यालाच." तिनं इकडंतिकडं बघितलं. "फिरवायचं कशावर पण?"

मी परसात बघत होते. जातं तिथंच होतं, धुण्याच्या बादलीखाली.

ते धुतलं, पुसलं, वसरीत आणून मांडलं. तोंडात कणकेचा गोळा ठासला, गोळ्यात पेन्सिल उभी केली, पेन्सिलीवर वाडगा बसवला. मिनिटाला तेहतीस फेरे पाहिजेत, घड्याळाच्या काट्यासारखे, असं सून म्हणाली आणि घड्याळ धरून बसली. मी डाळ भरडायच्या गतीनं फिरवलं. "बरुबर येतंय!" ती ओरडली. हाताला आठवत होतं. तोंडाला तेवढं आठवत नव्हतं.

"तुमी ऐका, मी फिरवते," सून म्हणाली. "तुमच्या आईचं हाय."

भावजींनीही माझ्याकडं बोट केलं. "वैनी."

मी तो कागदाचा शंकू बघत राहिले. त्याच्या टोकाला दोन ओळी होत्या. मी कान नेऊन टेकवायचा अवकाश. त्या मिळाल्या असत्या तर आई परत मिळाली असती असं नाही, पण तिच्या हाताची पकड मिळाली असती.

"न्हाय," मी म्हणाले. "तवा पहिलं मला ऐकवणार हुता, मी आले न्हाय. आता तुमी ऐका, भावजी. आन मला सांगा, चांगलं हाय का वाईट."

सुनेनं त्यांना धरून पुढं वाकवलं. कान कागदाला लागला. तिनं सुई टेकवली, पलीकडं फोन रेकॉर्डिंगला लावला आणि मान हलवली. मी जातं ओढलं.

मला काही ऐकू आलं नाही. रिकामं जातं फार घरघरतं. मी नुसती फिरवत होते आणि मोजत होते. समोर भावजींचा पांढरा भांग, त्याच्याखाली मिटलेला डोळा, आणि मांडीवरची डाव्या हाताची बोटं, तारा नसताना तारांवर ठेवलेली. मिनिटभरही लागलं नाही. सुई मधल्या कागदावर चढली आणि सुनेनं हात उचलला.

"काय म्हणलं?" माझ्या तोंडून गेलंच.

भावजी सरळ झाले. बादली खाली सोडली, ओढली, पुन्हा सोडली.

"चांगलं," ते म्हणाले. आणि मग न ओढता, सरळ, "चांगलं व्हतं, वैनी."

"आणि शब्द?" सुनेनं विचारलं. "शेवटच्या दोन ओळी?"

त्यांनी तोंड उघडलं. अर्ध्या ओळीची चाल बाहेर आली, नुसती चाल. मग मान हलली. "न्हाय."

नंतर मी कान लावला आणि सुनेनं जातं फिरवलं. खरखर होती. वाळूवरून कुणीतरी चालत गेल्यासारखी, लांबपर्यंत. फोनमध्ये जात्याच्या घरघरीखेरीज काही आलं नव्हतं. सून हिरमुसली. आपण आधी जात्यात चिंध्या घालायला पाहिजे होत्या, असं ती दोन दिवस म्हणत होती. शहाणपण उशिरा येण्यात ती माझ्यावर गेलीय, एवढंच म्हणाले.

वाडगा मैत्रिणीला परत दिला. तिच्या वाती ताटलीत पडून होत्या. नातू अजून विचारत असतो, दुसरा सापडला का. सापडला नाही.

जातं मात्र परसात नेलं नाही. सकाळी मूठभर डाळ घालून बसते. चार माणसांच्या घरात लागते किती, पण बसते. आईच्या त्या दोन ओळी म्हणते आणि थांबते. वसरीत भावजी बाजेवर पडलेले असतात. मधे थोडा वेळ जातो, बादली वर येण्याइतका.

"परत," ते म्हणतात.

मी परत म्हणते. तिसरी ओळ येत नाही.